टोमॅटोशेजारची नवरी

आमच्या दारातली तुळस वाळली आणि मी ठरवलं, हे कुणाला सांगायचं नाही. ठरवलं ते एवढंच. पुढं जे रामायण झालं ते ह्या एवढ्याशा गोष्टीतून झालं. त्यात माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

तुळस मी मारली नाही. (मारली असं म्हणणारी दोन माणसं आमच्याच घरात आहेत, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.) झालं असं की पेपरात आलं, चहाचा चोथा म्हणजे झाडाला एक नंबर खत. चोथा आमच्यात पातेलंभर निघतो. आमचे हे, सुभेदार नानासो, पलटणीतून रिटायर झाले, पण चहा अजून पलटणीच्या मापानंच पितात. मी तो चोथा दूधसाखरेसकट रोज तुळशीच्या बुडाशी घातला. चोथा आधी स्वच्छ धुऊन, वाळवून घ्यावा, असं त्या लेखात पुढच्या पानावर लिहिलेलं होतं. पण पुढच्या पानावर मी दिवाळीच्या चकल्या पाडल्या होत्या. तुळशीला आधी मुंग्या लागल्या, मग बुरशी आली, आणि भाऊबीज होते न होते तोच तिनं मान टाकली.

आता कुणी म्हणेल, वाळली तर वाळली, दुसरी आणायची. असं म्हणणाऱ्यानं मी कोण आहे ते आधी समजून घ्यावं. मी रंगूबाई. कॉलनीत मला आक्का म्हणतात. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण किराणामालाच्या पुड्या सोडून, त्यांचे कागद वाचून झालं. आज मी पेपर अग्रलेखापासून टेंडर नोटिशीपर्यंत वाचते, आणि कुणाचं काही चुकलं तर त्याच्या तोंडावर सांगते. आमची कॉलनी साताऱ्याच्या कडेला आहे, निम्मी घरं रिटायर फौजींची आणि निम्मी मास्तरांची. फौजी माझं ऐकून घेतात. मास्तर मंडळी ऐकून घेतल्यासारखं करतात. त्यात चारुशीलाबाई पहिल्या.

चारुशीलाबाई आमच्या समोरच राहतात. एम.ए., हेडमिस्ट्रेस म्हणून रिटायर. आवाज एवढा मऊ की भांडायला गेलं तर हाताला काही लागत नाही. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या खाटेवर पडून, आणि त्यांची तुळस वाळली. तेव्हा भर हळदीकुंकवात, सगळ्या बायकांपुढं, मी बोलले होते, “तुळस पाण्याविना वाळत न्हाई. घरातल्या बाईच्या आळसानं वाळती.”

चारुशीलाबाई एवढंच म्हणाल्या, “असेल हो.”

बघा. ह्याला काय उत्तर द्यायचं?

शिवाय कॉलनीचं तुळशीचं लग्न होतं आमच्या दारात. ते मीच सुरू केलं. ऊस आमच्या गावच्या रानातला, भांडी आमची, आरतीला आवाज माझा. यंदा चारुशीलाबाईंनी कॉलनीच्या ग्रुपवर हळूच लिहिलं, ‘या वर्षी विवाह आमच्या अंगणात करू या का? माझी तुळस छान वाढली आहे.’ खाली नऊवारीतल्या बाईचं हात जोडलेलं चित्र. मला टाइप करायला वेळ लागतो, म्हणून मी बोलूनच पाठवलं: “लग्न नवरीच्या दारात होतंय आणि नवरी आमची हाय. विषय संपला.”

विषय संपला आणि दुसऱ्याच दिवशी नवरी वाळली. लग्न तोंडावर आलेलं. तुळस मेली हे कळलं तर लग्न समोरच्या दारात जाणार, आणि गेलं की ते परत येत नाही. मी आयुष्यभर जे जे बोलले ते सगळं चारुशीलाबाई मऊ आवाजात मला परत देणार. जीव गेला तरी चालेल, पण ‘असेल हो’ परत ऐकायचं नव्हतं.

नवी तुळस विकत आणायची सोय नव्हती. रोपं विकणारा ज्ञानू त्याचा हातगाडा लावतो तो बरोबर चारुशीलाबाईंच्या फाटकापुढं. सुभेदारांना बाजारात धाडावं, तर हा माणूस खोटं बोलू शकत नाही. कुणी “काय आणलं?” विचारलं की पिशवी उघडून दाखवतो.

तर अशा काळजीत मी गच्चीवर गेले. एरवी मी गच्चीवर जात नाही, कारण जिन्याचा कठडा ह्यांनी स्वतः बसवलेला आहे. वरचे टोमॅटोही हेच रोज बादलीनं खाली सोडतात. पण कुठंतरी बसून रडावं तर गच्ची बरी.

गच्चीवर ह्यांची टोमॅटोची पलटण. रंगाचे रिकामे डबे, एका रांगेत, एका अंतरावर, प्रत्येकात एक झाड, प्रत्येक झाडाला एक काठी. एक झाड जरा वाकडं गेलं तर हे त्याला दोरीनं बांधून सरळ करतात आणि त्याच्याशी हिंदीत बोलतात. टोमॅटो मात्र खरोखर बघण्यासारखे. लालबुंद, मऊ, हातात घेतला तर उन्हानं कोमट लागणारे. आणि त्या पलटणीच्या शेवटाला, मोठ्या कुंडीत, तुळस!

तुळस म्हणजे काय तुळस! गुडघ्याच्या वर आलेली, हिरवीगार, पानं चांगली रुपयाएवढी, फुगीर, तेल लावल्यासारखी चमकणारी. (मी चष्मा फक्त पेपरला लावते. झाडं बघायला चष्मा लागत नाही.)

“ही तुळस कुणाची?” मी विचारलं.

“सूनबाईची,” हे म्हणाले. “टोमॅटोच्या शेजारी लावा म्हणाली. लावली.”

“कवा?”

“पावसाळ्यात.”

“आन मला सांगितलं न्हाई?”

“तू विचारलं न्हाईस.”

(फौजी माणूस. विचारल्याशिवाय माहिती द्यायची नाही. शत्रूला नाही आणि बायकोलाही नाही.)

“ही मी खाली नेनार. वृंदावनात लावनार.”

ह्यांचा चेहरा पडला. “अगं, सूनबाईला विचार आधी. ती सांगलीला गेलीया, येऊ दे. खायचं झाड हाय म्हणत हुती.”

“मग? तुळस खात न्हाईत व्हय? खोकला झाल्यावर मी तुमाला काढा देती तो काय गवताचा?”

“तसं न्हवं. जेवणात घालत्यात म्हणाली.”

“जेवणात? निवेद्यावर पान ठेवतो तेच की! माझ्या घरात तुळशीसाठी सुनेची परवानगी घ्यायची? सून हाय का कलेक्टर?”

मला तेव्हा सर्दी झालेली होती, नाहीतर वासानं काही कळलं असतं, असं आमच्या सूनबाईचं मत आहे. मला ते पटत नाही. मला वास आला असता तरी मी तेच केलं असतं, आणि वर म्हणाले असते, चांगल्या घरातल्या तुळशीला असाच वास येतो.

दुपारी कॉलनी झोपली तशी आम्ही दोघांनी ती कुंडी जिन्यावरून उतरवली. जखमी जवान न्यावा तसं सुभेदारांनी तिला छातीशी धरलेलं. मेलेली तुळस उपटून मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं ठेवली आणि नवी वृंदावनात बसवली. माती दाबली, पाणी घातलं. ह्यांनी शेवटी तिच्या एका पानाला बोट लावलं आणि म्हणाले, “मी वाढवलीया तिला. उन्हाचं बघ जरा.”

“लग्न करून देतोय तिचं, काळ्या पाण्यावर धाडत न्हाई,” मी म्हटलं.

लग्नाच्या संध्याकाळी आमचं अंगण असं सजलं की बोलायची सोय नाही. वृंदावनाला गेरू, चारी बाजूंनी ऊस, वरून झेंडूच्या माळा. नवरीला हिरवा खण, बांगड्या, कपाळी मळवट. खण नेसवायला जराही त्रास झाला नाही. जुन्या तुळशीच्या काटकीवर तो नेहमी घसरायचा, हिच्या अंगावर भरून बसला. बायका येऊन तोंडात बोटं घालत होत्या. शेजारची मयूरी म्हणाली, “आक्का, आवं काय तुळस हाय! पानं केवढी! काय घालताय हिला?”

“ताक,” मी म्हटलं. (तोंडातून निघून गेलं. दुसऱ्या दिवसापासून कॉलनीतल्या निम्म्या तुळशींना ताक मिळायला लागलं.)

चारुशीलाबाई काठी टेकत आल्या. वृंदावनापाशी वाकल्या. एक पान दोन बोटांत हलकेच चुरडलं, बोटं नाकाशी नेली, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आक्का, फारच छान आहे हो. वास जरा निराळा वाटतो.”

“खाऊनपिऊन सुखी हाय ती,” मी म्हटलं.

“असेल हो,” त्या म्हणाल्या.

अवधूत गुरुजी आले ते हेल्मेट घालूनच. त्या संध्याकाळी त्यांच्याकडे तुळशीची एवढी लग्नं होती की प्रत्येक दारी स्कूटर चालूच ठेवत होते. “वधूपिता पुढं या,” म्हणाले. आमचे सुभेदार पुढं झाले. दरवर्षी हे वधूपिता होतात आणि दरवर्षी मधेच जांभई देतात. यंदा मात्र बाळकृष्ण हातात घेऊन उभे होते तेव्हा त्यांची हनुवटी हलत होती. बायकांना वाटलं, वयामुळं. मला ठाऊक होतं: पहिल्यांदाच ह्यांची खरी लेक चालली होती.

अंतरपाट धरला. अक्षता वाटल्या. गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू केली, तीही स्कूटरच्या वेगानं. आणि तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. आमचा धैर्यशील आणि सून संयोगिता सांगलीहून आली. तिच्या एका हातात माहेरचं भडंग, दुसऱ्या हातात हळदीची पिशवी. आली, हसली, वृंदावनाकडे बघितलं, आणि हसू तसंच राहिलं, फक्त डोळे मोठे झाले. गर्दीतून वाट काढत ती माझ्या कानाशी आली.

“आत्या,” (आमच्यात सून सासूला आत्याच म्हणते), “ती तुळस न्हाई.”

“मग कोण हाय?” मी ओठ न हलवता विचारलं. अक्षता टाकणं चालूच.

“बेसिल हाय ते. माझ्या मैत्रिणीचं पाचगणीला शेडनेट हाय, तिनं दिलंय. तिकडच्या हॉटेलात लागतं. टोमॅटोबरोबर खात्यात.”

“कुठलं हाय?”

“इटलीकडं लय वापरत्यात.”

“इटलीची?” माझ्या हातातल्या अक्षता पुढं उभ्या असलेल्या कानिटकर काकूंच्या डोक्यात पडल्या. “तुळशीचं काहीच लागत न्हाई?”

“लागतं की. भावकीतलंच हाय.”

भावकीतली म्हटल्यावर मला थोडा धीर आला. बाळकृष्णाकडे बघितलं, त्याची काही तक्रार दिसत नव्हती. गुरुजी शेवटच्या मंगलाष्टकापाशी आले होते. समोर सगळी कॉलनी उभी. चारुशीलाबाई पहिल्या रांगेत, त्यांच्यासाठी आम्हीच खुर्ची टाकलेली.

“आत्या, थांबवायचं का?” संयोगितानं विचारलं.

“लग्नात लोक पत्रिका बघत्यात, हुंडा बघत्यात, तवा कोण थांबवत न्हाई. आन एका गावामुळं थांबवू? गप उभी ऱ्हा आन अक्षता टाक.”

“सावधान!” गुरुजी ओरडले, अंतरपाट बाजूला झाला, ताट वाजलं, पोरांनी फटाके लावले. इटलीकडची आमची नवरी रीतसर बाळकृष्णाला दिली गेली. सुभेदारांनी रुमालात नाक शिंकरलं. गुरुजी “नवरी दणकट आहे” म्हणाले आणि स्कूटरवर बसले.

मला वाटलं सुटले. पण खरं संकट प्रसादानंतर उभं राहिलं.

बायका चुरमुरे, बोरं आणि उसाचे करवे घेऊन निघायच्या, त्याऐवजी वृंदावनाभोवती घोळका करून उभ्या राहिल्या. मयूरी म्हणाली, “आक्का, लग्न झालंया, आता एक फांदी द्या की. आमच्या तुळशीला दमच न्हाई.”

“मला पण,” दुसरी म्हणाली.

“आणि मलाही एक,” चारुशीलाबाई म्हणाल्या. “माझी तुळस तुमच्या तुळशीपुढं अगदी किरकोळ दिसते, आक्का.”

हे वाक्य ऐकण्यासाठी मी किती वर्षं वाट बघत होते ते तुम्हाला काय सांगू! ऐकलं आणि भान गेलं. “घ्या की! आमच्यात कमी हाय का?” म्हणत मी स्वतः कात्री आणली. संयोगिता मागून माझा पदर ओढत होती, मी पदर कमरेला खोचला. प्रत्येकीला एक फांदी. पाण्यात ठेवा, मुळं फुटतील, असं संयोगिताच्या तोंडून निघून गेलं. (शेतकीची पदवी आहे तिला. ज्ञान थोपवता येत नाही ह्या पोरीला.) सुभेदार ऊस धरून उभे होते. प्रत्येक कातरणीला त्यांचा एक डोळा मिटत होता.

त्या रात्री झोपताना हिशेब केला तो असा: साताऱ्यातल्या एका अख्ख्या कॉलनीच्या वृंदावनात इटलीकडची भाजी लागणार, तिला बायका दिवा दाखवणार, प्रदक्षिणा घालणार, आणि हे सगळं माझ्या ताकावर विश्वास ठेवून. खरं सांगितलं तर मी संपले. नाही सांगितलं तर पाप. मी पापाच्या बाजूनं कौल दिला.

सकाळी स्वयंपाकघरात संयोगिता ओट्यापाशी उभी. पुढं गच्चीवरचे टोमॅटो, आणि शेजारी बशीत, हळदकुंकू लागलेली, ओळखीची पानं.

“हे काय?”

“कात्रीनं काढताना खाली पडलेली पानं, आत्या. धुतल्यात. वाया कशाला घालवायची?”

“काल लग्न झालं तिचं! देवाची बायको हाय ती, आन तू तिची कोशिंबीर करतीस?”

“कोशिंबीर न्हाई. बघा तर.”

मी बघत उभी राहिले, कारण बघितल्याशिवाय नावं ठेवता येत नाहीत. तिनं टोमॅटोच्या जाड चकत्या केल्या. मी म्हटलं, आता दाण्याचं कूट. कूट नाही. फोडणी? तीही नाही. मीठ घातलं आणि बाजूला ठेवून दिलं, तर त्या टोमॅटोला आपसूक पाणी सुटलं. तव्यावर कालची ज्वारीची भाकरी कडक केली, गरम असतानाच तिच्यावर लसणाची पाकळी घासली. मग टोमॅटो त्यातल्या पाण्यासकट भाकरीवर, वरून सांगलीहून आणलेलं घाण्याचं शेंगदाण्याचं तेल, आणि शेवटी ती पानं. चिरली नाहीत. हातानं तोडून टाकली.

“सुरी लावली की काळी पडत्यात,” ती म्हणाली.

“मला नगं,” मी म्हटलं. “मी देवाच्या घरातलं माणूस खात न्हाई.”

“बरं,” ती म्हणाली आणि ताटली ह्यांच्यापुढं ठेवली. वधूपित्यानं ताटलीकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस उठून जाईल. ह्यांनी एक घास घेतला, डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांनीच दुसरा घेतला.

“कसं हाय?” मी विचारलं.

ह्यांनी तिसरा घास घेतला. विचारूनही माहिती न देण्याची ही पहिलीच वेळ. मी त्यांच्या ताटलीतला एक तुकडा उचलला, तो केवळ घरात काय शिजतंय हे घरच्या बाईला ठाऊक असावं म्हणून.

आता तुमच्यापासून काय लपवायचं. माझी सर्दी गेलेली होती. आधी भाकरी कुरकुरली, मग टोमॅटोचं आंबटगोड पाणी तिच्यात उतरलेलं लागलं, मग लसणाचा झणका, आणि सगळ्यांच्या मागून ते पान आलं. जरा लवंगेसारखं, जरा बडीशेपेसारखं, आणि जरा पाऊस पडून गेलेल्या रानासारखं. टोमॅटो मी जन्मभर खाल्ला तो कूट, कांदा-लसूण मसाला आणि गूळ घालून, म्हणजे त्याचं तोंड दाबूनच. त्याला स्वतःला काही बोलायचं असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

“बरं हाय,” मी म्हटलं. “अजून एक कर. नीट चव कळली न्हाई.”

तिथून माझी वाट घसरली. संध्याकाळी मी वृंदावनापुढं दिवा लावायचे, हात जोडायचे, समोरून चारुशीलाबाई बघताहेत ना, ह्याची खात्री करायचे. आणि दुपारी कॉलनी झोपली की त्याच देवीपुढं वाटी घेऊन बसायचे. आधी एक पान. मग मूठभर. संयोगिता टोमॅटो मंद आचेवर आटवून दाट रस करायची, उतरवल्यावर पानं टाकायची. मी त्यात चिमूटभर कांदा-लसूण मसाला घातला तर तिनंच बोटं चाटली. टोमॅटोच्या सारात शेवटी चार पानं सोडली आणि झाकण ठेवलं तर झाकण काढताना घरातले सगळे ओट्यापाशी यायला लागले. सुभेदारांची पलटण रोज डबे भरून देत होती, आणि नवरी रोज बारीक होत होती.

“खण ढिला व्हायला लागलाय तिचा,” हे एकदा म्हणाले.

“सासुरवास हाय,” मी म्हटलं.

मनाला टोचत नव्हतं असं नाही. समोरच्या ओट्यावर चारुशीलाबाईंची फांदी चांगली फुटलेली दिसायची. मयूरीच्या दारातही, कोपऱ्यावरच्या कानिटकरांकडेही. सगळीकडे इटली. ह्या बिचाऱ्या बायका माझ्या शब्दावर तिला पुजताहेत, आणि मी इकडं भाकरीवर घालून खातेय, ह्या विचारानं माझा घास अडायचा. मग पाणी प्यायचं. मग जायचा.

एका दुपारी मी अशीच वृंदावनाच्या पायरीवर बसले होते. मांडीवर ताटली, ताटलीत कडक भाकरी, वर टोमॅटो. पानं ताजी तोडून घालावीत म्हणून घरात न करता तिथंच बसलेले. नवरीच्या शेंड्याला राहिलेली शेवटची पानं तोडली, भाकरीवर घातली, मोठा घास घेतला. आणि फाटक वाजलं.

चारुशीलाबाई. काठी, आणि हातात झाकलेला डबा. मागं मयूरी, तिच्याही हातात डबा. मला उठता येईना, ताटली लपवता येईना, आणि घास एवढा मोठा की गिळता येईना. माझ्या पाठीमागं नवरी उभी, खण नेसलेली आणि एकही पान नसलेली.

चारुशीलाबाईंनी नवरीकडे बघितलं. माझ्या ताटलीकडे बघितलं. मी मनातल्या मनात सगळं लग्न, ऊस, भांडी आणि आरती समोरच्या घरी पोचवून आले.

“अय्या, तुम्ही भाकरीवर घालता होय?” त्या म्हणाल्या. “मी पोळीवर घालते. पण भाकरी जास्त चांगली लागेल, नाही का गं मयूरी?”

“लय चांगली लागती,” मयूरी म्हणाली. “आमच्यात कानिटकर काकूंनी सांगितल्यापासनं भाकरीवरच खात्यात.”

मी फक्त डोळे मोठे केले. बाकी काही मोकळं नव्हतं.

“बेसिल उत्तम आहे हो तुमचं, आक्का,” चारुशीलाबाई माझ्या शेजारी पायरीवर टेकत म्हणाल्या. “माझ्या मुलीच्या बाल्कनीत हेच असतं. लग्नाच्या दिवशी पान चुरडलं तेव्हाच ओळखलं. म्हणून तर सगळ्यांना म्हटलं, फांद्या मागून घ्या, इथं बाजारात मिळत नाही.”

म्हणजे सगळ्या. पहिल्या रांगेतल्या, दुसऱ्या रांगेतल्या, अक्षता टाकणाऱ्या सगळ्या. दारोदारची इटली स्वयंपाकासाठीच वाढत होती. अख्ख्या कॉलनीत तिला रोज संध्याकाळी दिवा लावून नमस्कार करणारी बाई एकच होती.

“तुम्हाला बोललो नाही,” त्या म्हणाल्या, “तुम्ही इतक्या भक्तिभावानं करत होतात सगळं.” त्यांनी डबा उघडून माझ्यापुढं ठेवला. टोमॅटो, पानं, वर किसलेलं चीज. वास असा आला की माझी मान आपोआप वळली. “आणि पुढच्या वर्षीचं काही मनात आणू नका हं. लग्न तुमच्याच दारात. मांडव तुमचा, ऊस तुमचा, आरतीही तुम्हीच म्हणायची.”

मी घास एका गालात सारला आणि मान ताठ केली. शेवटी माझा मान राहिला होता.

“फक्त नवरी आम्ही आणू,” चारुशीलाबाई म्हणाल्या.

ह्याला माझ्याकडे उत्तर होतं. असं जबरदस्त उत्तर होतं की त्या आयुष्यभर विसरल्या नसत्या. पण तेवढ्यात मयूरीनं तिच्याही डब्याचं झाकण उघडलं, आणि मी दुसरा घास घेतला.